सतराव्या ओळीतलं अंजन

मोखालोंग गावात केबोनांगला भांडकुदळ समजत. ते खरं नव्हतं. भांडायला वेळ लागतो आणि तो तिच्याजवळ कधी नव्हता. तिचं दुखणं वेगळं होतं. दुसऱ्याच्या ताटात चांगला तुकडा पडलेला तिला बघवत नसे, आणि बघवत नाही हे ती लपवतही नसे. शेजारणीच्या सुनेने सासूला नवी शाल पाठवली, तर ही बोटांनी चाचपून म्हणाली, "दोन धुण्यांत विरेल." भावाच्या गाईला जुळी झाली, तर कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "दोन्ही जगत नसतात." एक मेलं. तेव्हापासून गाय व्यायला झाली की भावजय फाटकाला साखळी लावू लागली.

थोरल्याचं नाव ओदुमेत्से, म्हणून गाव तिला म्माओदू म्हणे, म्हणजे ओदूची आई. नवरा सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत अकरा वर्षं राबला आणि बारावं घरी खोकत काढून गेला. तिने दोन मुलं ज्वारीवर आणि शेळ्यांवर वाढवली. यात विशेष काही नाही, गावातल्या निम्म्या बायकांची हीच कथा. विशेष होते ते तिचे डोळे.

आमच्याकडे कुठे खाण काढायची झाली, रस्ता न्यायचा झाला, तर सरकार आधी विचारतं, त्या जमिनीत आणि जमिनीवर काय आहे? मग माणसं येतात. कुणी झाडं मोजतं, कुणी पाखरं, कुणी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेतं. आणि काही जण जुनं शोधतात. खापरं, मणी, लोखंड गाळल्याची मळी, कबरी. शोधण्याची रीत साधी आहे. पंचवीस-पंचवीस पावलांवर एकेक माणूस उभा राहतो आणि सगळे एका रांगेत जमिनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. डोळे खाली. उजव्या हाताचा पट्टा ज्याचा त्याचा, त्याला ओळ म्हणायचं. काही दिसलं की मूठ वर करायची, सगळे थांबतात. काही नसेल तर उघडा पंजा पुढे हलवायचा, म्हणजे चला. तोंडाने बोलायचं नाही, कारण बोलणारा जमिनीकडे बघत नाही. ही शेवटची अट केबोनांगनेच घातली होती.

बावीस वर्षांपूर्वी ती या कामावर पाणी वाहायला गेली. आता या पाहण्या ज्याच्या हाताखाली होतात तो सेबिना तेव्हा डॉक्टर नव्हता, विद्यापीठातला काटकुळा विद्यार्थी होता, सकाळपासून लोखंडाची भट्टी शोधून रडकुंडीला आलेला. हिने पाण्याचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "रा, तुम्ही मघापासून तिच्यावरच उभे आहात." रा म्हणजे साहेब. खरंच त्याच्या बुटाखालून भात्याच्या मातीच्या नळीचं तोंड डोकावत होतं. त्यानंतर मोखालोंगच्या पंचक्रोशीत सेबिना तिच्याशिवाय कधी चालला नाही.

जमिनीवर उभं राहून गवत वाचायला तर त्याला तिनेच शिकवलं. मोपानेच्या जंगलात खाली गवत असं फार येत नाही. पण जिथे कधीकाळी गुरांचं वाडगं होतं, तिथलं शेण जमिनीत मुरून राखेसारखं होतं, आणि दोनशे वर्षांनी बघावं तरी त्या गोल तुकड्यावर मोपाने धरत नाही. तिथे उगवतं अंजन गवत. गुरं वेडी होऊन खातात तेच, उंदराच्या शेपटीसारख्या तुऱ्यांचं. मोठा तुकडा असेल तर विमानातून काढलेल्या फोटोतही दिसतो. लहान असेल तर जमिनीवरूनच हेरावा लागतो, आणि केबोनांग तो अर्ध्या मैलावरून हेरायची.

वाडगं सापडणं म्हणजे नुसतं वाडगं सापडणं नव्हे. घरचा कर्ता पुरुष गेला की त्याला वाडग्यात पुरायचं, ही जुनी रीत. पुरून झालं की वरून गुरं फिरवायची, पुन्हा पुन्हा, जमीन सारखी होईपर्यंत, म्हणजे चेटूक करणाऱ्याला जागा सापडू नये. दगड नाही, खूण नाही. चेटूकवाल्यांना सापडले नाहीत ते म्हातारे शिकलेल्यांना कुठून सापडायचे? त्यांना केबोनांग लागायची.

हे सगळं खरं, पण अहवालात तिचं नाव कधी आलं नाही. प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर नावं असतात. केबोनांग इंग्रजी सावकाश वाचायची, पण ते पान ती पहिलं उघडायची. डॉक्टरांचं नाव, त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं, नकाशे काढणाऱ्याचं नाव, आणि खाली "स्थानिक मदतनीस". अकरा अहवाल झाले. एकात तर ड्रायव्हरचंही नाव होतं. त्या ड्रायव्हरशी ती वर्षभर बोलली नाही, आणि त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

अशात गावाच्या उत्तरेला तांबं निघणार असं ठरलं, आणि पाहणीच्या तुकडीची मुख्य म्हणून आली सेथुन्या.

सेथुन्या म्हणजे केबोनांगच्या सख्ख्या भावाची मुलगी. शाळेच्या सुट्ट्यांत आत्याच्या मागे मागे रानात जायची. खापर पायाने उलटायचं नाही, वाकायचं, हे तिला आत्यानेच शिकवलेलं. मग ती राजधानीत, गाबोरोनला गेली, पदवी घेतली, आणि सत्ताविसाव्या वर्षी गाडीतून उतरली ती गळ्यात ओळखपत्र घालून. हुशार होती. नम्र होती. शहरात राहूनही मोठ्यांना "तुम्ही" म्हणायची सवय तिने सोडली नव्हती. म्हणजे नाव ठेवायला कुठे जागाच नाही, आणि केबोनांगला खुपत होतं ते नेमकं हेच.

पहिल्याच सकाळी तंबूसमोर चहा आणि मॅग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खात सगळे बसले होते. डॉक्टर सेबिना आता जाड झाला होता आणि गुडघ्याला पट्टा बांधून काठी घेऊन आला होता. त्याने खिशातून कातडी घरातलं आपलं भिंग काढलं. खापरावरची नक्षी बघायचं ते भिंग केबोनांगने बावीस वर्षं त्याच्या गळ्यात पाहिलं होतं.

"सेथुन्या, हे घे," तो म्हणाला. "माझे डोळे गेले आता. तुझ्या हाती शोभेल."

सेथुन्याने रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. डोळ्यांत पाणीबिणी. मग आत्याकडे वळून म्हणाली, "आत्या, बघा ना!"

केबोनांगने भिंग उघडलं, उजेडात धरलं, परत दिलं. "काचेला ओरखडे आहेत," ती म्हणाली आणि मॅग्विन्याचा उरलेला अर्धा तुकडा कुत्र्याला टाकला.

झाडं-गवत मोजणारा तिबोने शेजारी बसला होता. तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "म्माओदू, निदान कुत्र्याला तरी ओरखडे नसलेला तुकडा द्यायचा ना."

"तू तुझी झुडपं मोज," केबोनांग म्हणाली. "ती उलट बोलत नाहीत."

पुढे आठ दिवस हेच. पूर्वी काही सापडलं की डॉक्टर म्हणायचा, "म्माओदू, तुम्ही बघा." आता म्हणायचा, "सेथुन्या, तू बघ." सेथुन्या बघायची, मग भिंग आत्याकडे द्यायची, "तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं नसतं तरी राग आला असता, विचारत होती त्याचाही येत होता. आपलीच उष्टी विद्या कुणी पानावर वाढून आपल्याला द्यावी तसं केबोनांगला वाटायचं. घरी भावजय तर बघायलाच नको. "आमच्या सेथुन्याच्या हाताखाली म्माओदूला काम मिळालं हो," असं ती पाण्याच्या नळावर चार बायकांत बोलली, आणि त्यातल्या दोघींनी ते केबोनांगपर्यंत पळत आणून पोचवलं.

नऊ मेचा दिवस. सतरावी ओळ सेथुन्याची, अठरावी केबोनांगची, दोघींच्या मध्ये मोपानेची दाट खुरटी झाडी. केबोनांग थोड्या उंचवट्यावरून जात होती. पलीकडे, झाडीच्या आत, ऊन पडलेला एक गोल तुकडा तिला दिसला. पिवळा, दाट, तुऱ्यांनी वाकलेला. अंजन. लहानसाच, शंभर गुरांच्या वाडग्याएवढा. समोर लांब दोन टेकड्या एकीमागे एक उभ्या होत्या. वारा नव्हता.

तुकडा सेथुन्याच्या पट्ट्यात होता. झाडीमुळे तिला तो दिसणं शक्य नव्हतं. आत शिरायला हवं होतं, आणि आत शिरावं असं वाटायला बावीस वर्षं हवी होती.

केबोनांग थांबली. ती थांबलेली सेथुन्याला फांद्यांमधून दिसली. तिने हात वर करून बोटं फिरवली, काय आहे?

मूठ वर करायची, एवढंच होतं. मूठ वर केली असती तर सगळे धावले असते, डॉक्टर लंगडत आला असता, आणि नोंदीत लिहिलं गेलं असतं: सतरावी ओळ, सेथुन्या. पट्टा तिचा होता ना. केबोनांगच्या डोळ्यांपुढे ते कागदावर उमटलंसुद्धा.

तिने उघडा पंजा पुढे हलवला. चला.

सेथुन्या निघाली.

आता, केबोनांग काही ते वाडगं बुडवायला निघाली नव्हती. तिचा हिशोब वेगळा होता. दरवेळी शेवटच्या दिवशी डॉक्टर आणि ती दोघंच मधल्या काही ओळी पुन्हा चालत, ताळा म्हणून. बावीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी ती त्याला बरोबर झाडीपाशी नेणार होती आणि म्हणणार होती, "रा, हे बघितलं का तुमच्या भिंगवालीने?" हे वाक्य तिने मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याची चव तोंडात आली होती.

शेवटचा दिवस आला. डॉक्टर गाडीतच बसून राहिला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर टॅब.

"उठायचं ना, रा?" केबोनांग काठी घेऊन तयार होती. "ताळा राहिलाय."

"या खेपेला नको, म्माओदू. गुडघा उचलत नाही. आणि सेथुन्याने केलंय म्हणजे पुन्हा बघायची गरज नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पाहिलं आणि पंजा हलवला असं? सेथुन्या जवळच तंबूच्या दोऱ्या सोडत गुणगुणत होती. केबोनांगने काठी गाडीत टाकली आणि ती चालत घरी गेली. सहा मैल. रात्री जेवली नाही. मग मनाशी म्हणाली, तांबं तिकडे टेकडीच्या बाजूला आहे, खड्डा तिकडे होणार, या तुकड्याला कोण हात लावतोय? असं म्हणून ती महिनाभर बऱ्यापैकी झोपलीदेखील.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सेथुन्या घरी आली. दुसऱ्या दिवशी खोत्लात, म्हणजे गावचा प्रमुख जो खोसी त्याच्यापुढच्या गावसभेत, अहवाल वाचायचा होता. केबोनांग आंबवलेल्या ज्वारीची पेज ढवळत होती. सेथुन्याने बूट दाराबाहेर काढले, चुलीपाशी टेकली आणि पिशवीतून कच्चा अहवाल काढला.

"आत्या, हात पुसा आधी."

"कशाला? कागदाला पेज चालत नाही का?"

"पुसा हो."

केबोनांगने हात पुसले. सेथुन्याने शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. डॉक्टरांचं नाव. त्याखाली सेथुन्याचं. आणि त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, केबोनांगचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पुढे लिहिलं होतं, "ओळी पंधरा ते वीस, क्षेत्र-तपासणी."

केबोनांगने नावावर बोट टेकलं. पेज करपायला लागली तेव्हा सेथुन्यानेच भांडं उतरवलं.

"मी डॉक्टरांना सांगितलं," सेथुन्या म्हणाली, "की मदतनीस कसली? मला शिकवलं ते तुम्ही. तुमचं नाव नसेल तर माझंही नको."

"अक्षर बारीक आहे," केबोनांग म्हणाली. पण तिचं बोट नावावरून निघत नव्हतं. मग तिने विचारलं, "पंधरा ते वीसच का?"

"तिथे काहीच सापडलं नाही ना, म्हणून कंपनीने त्याच पट्ट्यात खाणीतला टाकाऊ दगड टाकायचं ठरवलंय. डोंगर होईल म्हणे, खोत्लाच्या मोठ्या झाडाच्या तिप्पट उंच. म्हणून तिथली तपासणी दोघींच्या नावावर हवी. माझ्या आणि तुमच्या."

बावीस वर्षं जे मागितलं ते पदरात पडलं होतं, आणि त्याच्याच शेजारी ते "काहीच नाही" बसलं होतं. केबोनांगने पेज वाढली, वर मादिला, म्हणजे आंबवलेलं दूध, ओतलं. सेथुन्या मिटक्या मारत जेवली. ही मात्र पोरीच्या मानेकडे बघत बसली. भिंगाची दोरी तिथे लटकत होती.

सकाळी खोत्लात गाव जमलं. पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन, बायका चटयांवर, थंडी म्हणून सगळे पांघरलेले. सेथुन्या कंपनीच्या तळावरून परस्पर आली ती पँटवर. दाराशी शिपायाने अडवली. खोत्लात बाईने पँट घालून यायचं नसतं, हे तिला का माहीत नव्हतं? घाईत विसरली. केबोनांगच्या पिशवीत जास्तीचं एक वस्त्र होतं. थंडी वाढली तर पायांवर घ्यायला आणलेलं. तिने पिशवी मांडीखाली सारली. कुणा दुसरीनेच आपलं निळं वस्त्र सेथुन्याच्या कमरेला गुंडाळलं. ते तिला शोभूनही दिसलं.

खोसीने सुरुवात केली. कंपनीचा माणूस बोलला, नकाशा टांगला. पाणीवाले बोलले. मग तिबोने उठला, झाडं-गवतांची यादी घेऊन. तो प्रत्येक ओळ वाचत होता आणि निम्मं गाव पेंगत होतं. "ओळ पंधरा, मोपाने, दाट. ओळ सोळा, मोपाने, दाट. ओळ सतरा, मोपाने, मध्ये गोल आकारात अंजन, अर्धा एकर, चराईला उत्तम. ओळ अठरा, मोपाने…"

डॉक्टर सेबिनाची मान एकदम वर झाली. पेंगणाऱ्याच्या तोंडावर पाणी मारल्यावर होते तशी. एकाच जमिनीचे दोन कागद. एकात अंजन, दुसऱ्यात काही नाही. आणि झाडं मोजणारे जुनं शोधणाऱ्यांच्या तंबूत भिंगावरून टोमणे मारायला तेवढे येतात, कागद ताडून बघायला नाही. त्याने सेथुन्याकडे पाहिलं. केबोनांगकडे नाही.

तेवढ्यात मोथिबेदी काका उठले. केबोनांगच्या वडिलांचे धाकटे भाऊ, नव्वदीचे, दोन माणसांच्या आधाराने. खोत्लात बोलायला उठलेल्याला मध्येच कुणी तोडत नाही, मग त्याला कितीही वेळ लागो. काकांना लागला.

"मला खाणीचं काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "तांबं काढा. माझ्या आजोबांचं वाडगं त्या बाजूला होतं. ते तिथेच आहेत, गुरांच्या पायाखाली. मी लहान होतो तेव्हा बाप सांगायचा, वाडग्याच्या तोंडाशी उभं राहिलं की दोन टेकड्या दिसतात, गाईमागे वासरू उभं असावं तशा, एकीमागे एक. दुसरीकडून बघितलं तर त्या शेजारी शेजारी दिसतात. तुम्ही सगळं चाललात. सापडलं का?"

केबोनांगला वारा नसलेली ती दुपार आठवली. एकीमागे एक. काकांचे आजोबा म्हणजे तिचे पणजोबा. त्यांच्यावर ती तीन झाडांएवढा दगडांचा डोंगर रचायला निघाली होती, एका पंजाने.

"नाही सापडलं, काका," डॉक्टर हळूच म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "सतरावी ओळ कुणाची होती?"

सगळं खोत्ला जागं झालं. हे तर केबोनांगला हवं होतं. अगदी असंच, चारचौघांत, डॉक्टरांच्या तोंडून. तोंडात जमवून ठेवलेली ती चव आता यायला हवी होती.

सेथुन्या उठली. कमरेचं निळं वस्त्र एका हाताने धरून. "माझी, रा. चूक माझीच. झाडी दाट होती, मी आत शिरायला हवं होतं. शिरले नाही."

"आणि तपासणी?"

"आत्याचं नाव मीच घातलं. त्यांना न विचारता. त्या शेजारच्या ओळीत होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवू नका. माझी ओळ, माझी जबाबदारी."

बायकांच्या बाजूने कौतुकाचा हुंकार उठला. काय मुलगी आहे! मागच्या चटईवरून भावजयीने नाक ओढलं, तेही अभिमानाने.

आणि हे केबोनांगला सोसलं नाही. लोक नंतर म्हणाले, म्माओदूला पूर्वजांनी उठवलं, कुणी म्हणालं रक्ताने उठवलं. मला नाही तसं वाटत. तिने मला स्वतः सांगितलं ते असं, की त्या क्षणी तिला पणजोबा दिसलेच नाहीत. तिला दिसलं एवढंच, की भिंग हिने घेतलं, ओळ हिने घेतली, आणि आता माझं पापसुद्धा हीच घेऊन चालली आणि त्यावर वाहवा मिळवतेय. चांगुलपणातही हीच पुढे?

"खाली बस गं!" ती ओरडली आणि उठली. गुडघे कटकन वाजले. "मोठी आली अंगावर घेणारी. तुझं आहे का ते?"

"म्माओदू," खोसी म्हणाले, "पाळीने."

"पाळी माझीच आहे, खोसी. ती पोर खोटं बोलतेय. तिने हात करून विचारलं होतं, काय आहे म्हणून. मी पंजा हलवला. अंजन मी पाहिलं होतं, अगदी समोर. टेकड्यासुद्धा. एकीमागे एक."

"मग सांगितलं का नाहीस?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

केबोनांगने इकडे तिकडे पाहिलं. काहीतरी बरं कारण मिळतं का ते शोधलं असेल, मिळालं नाही.

"हिचा पट्टा होता," ती म्हणाली. "हिच्या नावावर गेलं असतं."

खोत्लात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फक्त तिबोने आपल्या यादीच्या आडून म्हणाला, "आणि मला म्हणे झुडपं मोज." तेव्हा मात्र दोन-चार जण फिसकन हसले, आणि खोसींनीही घसा साफ केला.

 सेथुन्याचा चेहरा उतरला होता. ओळ चुकली म्हणून चारचौघांत उभी होती तेव्हासुद्धा तो एवढा उतरला नव्हता. ती खाली बसली आणि तिने आत्याकडे पाहिलं नाही. केबोनांगला वाटलं होतं सांगितलं की हलकं होईल. कसलं हलकं.

डॉक्टर म्हणाला, "उद्या सकाळी जागा दाखवा. त्यानंतर, म्माओदू, या पाहणीत तुम्ही रांगेत नसाल. मला दुसरं माणूस घ्यावं लागेल."

"घ्या," केबोनांग म्हणाली. "पण बोलणारं घेऊ नका."

सकाळी सगळे निघाले. डॉक्टर, सेथुन्या, दोघा पोरांनी खुर्चीवर उचलून नेलेले काका, आणि सर्वांत पुढे केबोनांग. ती झाडीत अशी शिरली जशी स्वतःच्या अंगणात.  सेथुन्याने अंजनाच्या मधोमध गुडघे टेकले आणि मातीत फिरवत घालायचा पोकळ गज उभा केला.

"तिथे नको," केबोनांग म्हणाली. "कडेला. मध्ये माणसं असतील."

सेथुन्याने गज उचलला, कडेला नेला. दोन हात खोल गेला. वर काढला तेव्हा त्याच्या पोटात राखाडी, भुसभुशीत, जुनं शेण होतं. काकांनी ते चिमटीत घेऊन हुंगलं. मग टोपी काढली. टेकड्या समोर होत्या, गाय आणि वासरू.

"कंपनीला मी आज लिहितो," डॉक्टर म्हणाला. "डोंगर पलीकडच्या बाजूला न्यावा लागेल. छान काम, सेथुन्या."

गज तिच्या हातात होता म्हणून तो सवयीने म्हणाला, दुसरं काही नाही. पण केबोनांगच्या जबड्याची शीर उडाली. सेथुन्याला ती दिसली. कालपासून पहिल्यांदा तिने आत्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं एवढा नाही.

तिने नोंदीचा कागद मांडीवर घेतला. "जागा कुणाला दिसली?" तिने विचारलं, सरकारी आवाजात. "कधी दिसली?"

डॉक्टर म्हणाला, "आजची तारीख घाल, पुरे."

"नाही," केबोनांग म्हणाली. "तिने विचारलंय ते लिहू दे. लिही. केबोनांगला दिसलं, नऊ मे. केबोनांगने सांगितलं, वीस जून."

"दोन्ही तारखा?"

"दोन्ही. आणि नाव आधी घाल, तारखा नंतर."

सेथुन्याने लिहिलं. आत्याला वाचायला कागद पुढे केला, आणि थोडं थांबून, दोरी मानेवरून काढून भिंगही. अक्षर बारीक होतं ना.

छापील अहवालात ते तसंच आहे. शेवटच्या पानावरचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही, फक्त पुढची तपासणीची ओळ गाळली. केबोनांग पुन्हा रांगेत चालली नाही. पण तो अहवाल तिच्या पेटीत वरच असतो, आणि कुणी आलं की ती नोंदीचं पान उघडून दाखवते. नवखी माणसं दोन तारखा बघून हमखास विचारतात, "मध्ये सहा आठवडे काय झालं, म्माओदू?"

"जळत होते," ती म्हणते, आणि पान मिटते.